घाटात पिकअप मध्येच का जातो? टर्बो गेला म्हणायच्या आधी बघायच्या गोष्टी

घाट चढताना तिसऱ्या गिअरला गाडी मस्त ओढत असते, मग एकदम दम तोडते, दोन सेकंदात परत सुटते, परत बसते. किंवा एकदाच बसते आणि वरपर्यंत रांगतच जाते, मागे एसटी हॉर्न मारत असते, आणि वर टपरीवर चहाला थांबून परत चावी फिरवली की गाडी ठणठणीत, काही झालंच नाही असं. आंबा घाट घ्या, फोंडा घ्या, करूळ, आंबोली, कुंभार्ली, कुठलाही घ्या, टर्बो डिझेल वापरणाऱ्या चार लोकांना विचारलंत तर एकाकडे तरी हा किस्सा असतोच. गॅरेजला गेलं की पहिलं वाक्य पण ठरलेलं, टर्बो गेलाय साहेब. आणि आकडा सांगतात तो पाच अंकी.

माझं म्हणणं एवढंच आहे की बूस्ट, म्हणजे टर्बोने तयार केलेला हवेचा दाब, वरखाली होतोय म्हणजे टर्बो गेला असं नसतं, बहुतेक वेळा टर्बो बिचारा ठीक असतो आणि त्याला हुकूम देणारी लाईन नाहीतर त्याने दाबलेली हवा इंजिनपर्यंत नेणारी लाईन बिघडलेली असते. ते शोधायचं कसं, हे आज जरा सविस्तर लिहितो. त्यासाठी आधी आत काय चालतं ते माहीत पाहिजे, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवरचे आकडे बघून काही उपयोग नाही.

तर टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका चाकाला फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक एअर फिल्टरमधून हवा खेचून दाबतं. दाबलेली हवा गरम होते म्हणून ती बंपरमागच्या इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात आणि मग इंजिनला देतात. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, छोट्या टर्बोत दोन लाखांपर्यंत, आणि तो बेअरिंगमध्ये ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. बाहेरच्या हवेपेक्षा आत जितका जास्त दाब तयार झाला तो बूस्ट. छोट्या डिझेल गाड्यांमध्ये साधारण १ ते १.५ बार. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचाच दाब १ बारच्या आसपास असतो, म्हणजे १०० किलोपास्कल, आणि गाडीतला सेन्सर हे दोन्ही मिळून मोजतो, त्यामुळे स्क्रीनवर २२० दिसलं तर बूस्ट १.२ बार आहे असं समजायचं, २.२ नाही. इथेच निम्मे लोक गोंधळतात आणि व्हॉट्सॲपवर एकमेकांचे आकडे जुळवत बसतात.

आता हा दाब किती ठेवायचा हे टर्बो ठरवत नाही, ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. पायाखालचा ॲक्सिलरेटर, आरपीएम, हवेचं तापमान, बाहेरचा दाब असं सगळं बघून तो म्हणतो, आत्ता मला २१० पाहिजे. मग सेन्सरला विचारतो, किती मिळालं? १८०. की लगेच टर्बोला सांगतो, अजून दे. हे सेकंदात कितीतरी वेळा चालू असतं. सांगायची पद्धत दोन प्रकारची. साध्या टर्बोत वेस्टगेट म्हणून एक झडप असते, दाब जास्त झाला की ती उघडते आणि थोडा धूर चाकाला न लागता परस्पर बाहेर जातो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला व्हीजीटी म्हणतात, चाकाभोवती फिरणारी पाती असतात, ती मिटली की धूर अरुंद फटीतून जोरात येऊन चाक जास्त फिरवतो, उघडली की कमी. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन आठवत असेल, स्विफ्ट-डिझायरमध्ये ७५ पीएसचं आलं ते साध्या टर्बोचं आणि अर्टिगात ९० पीएसचं आलं ते पात्यांच्या टर्बोचं. डस्टरची ८५ आणि ११० पीएसची जोडी पण तशीच. तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे हे आधी माहीत करून घ्या, कारण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

एक गंमत सांगतो, यावरून प्रकार माहीत असणं का गरजेचं ते कळेल. ॲक्च्युएटरला, म्हणजे टर्बोच्या बाजूला जी डबीसारखी वस्तू असते आणि तिच्यातून एक सळी बाहेर येते तिला, एक बारीक रबरी पाईप लागलेला असतो. साध्या वेस्टगेटच्या टर्बोत त्या पाईपमधून बूस्टचाच दाब येऊन झडप उघडतो. तो पाईप फाटला तर झडप उघडणारच नाही आणि बूस्ट भरमसाठ वाढेल. व्हीजीटीत मात्र बहुतेक गाड्यांना तो पाईप व्हॅक्यूमचा असतो आणि व्हॅक्यूम मिळाला तरच पाती मिटतात. तो फाटला तर पाती उघडीच राहतात आणि बूस्ट येतच नाही. म्हणजे तोच बारीक पाईप, तीच चीर, आणि परिणाम अगदी उलटा. दुसऱ्याच्या गाडीवर चाललेला उपाय आपल्या गाडीवर का चालत नाही त्याचं एक कारण हे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तर व्हॅक्यूमही नाही, सरळ इलेक्ट्रिक मोटर असते ॲक्च्युएटरला.

बूस्ट नुसता कमी असणं वेगळं आणि हेलकावे खाणं वेगळं. हेलकावे का येतात? तांडेलाला विचारा, सुकाणू ढिलं असलेली होडी कशी चालते. तो वळवतो, होडी ऐकत नाही, म्हणून अजून वळवतो, मग ती एकदम जास्त वळते, की उलटं वळवतो, तिथेही तेच, आणि होडी सरळ जायच्या ऐवजी नागमोडी जाते. तांडेलाचं काही चुकत नसतं. ईसीएमचं तसंच होतं. काजळीने पाती जाम झाली असतील किंवा सळी गंजली असेल तर हुकूम दिल्यावर काहीच होत नाही, मग तो जोर वाढवतो, मग ती एकदम झटक्यात सुटतात आणि दाब पाहिजे त्याच्या वर जातो, मग कमी करायला जावं तर तेव्हा पण उशीर. दाब फारच वर गेला की ईसीएम इंजिन वाचवण्यासाठी डिझेल कमी करतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे ताकद मुद्दाम कमी ठेवून रांगायच्या अवस्थेत, टाकतो. चावी बंद-चालू केल्यावर गाडी बरी होते ती म्हणूनच, आजार बरा झालेला नसतो, ईसीएमने परत एक संधी दिलेली असते.

स्कॅनर लावायच्या आधी गाडीला थोडं ऐका, बघा. मागे काळा धूर येतोय का? म्हणजे डिझेल पडतंय पण हवा पुरत नाही, बूस्टचा पाईप कुठेतरी फुटला असायची शक्यता मोठी. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. बॉनेटमधून चढावर फुस्स असा आवाज येतो आणि सपाटीला येत नाही? पाईपच. टर्बोची शिट्टी आधी बारीक होती ती आता सायरनसारखी मोठी झाली? हे मात्र टर्बोकडे बोट दाखवणारं लक्षण. गाडी थंड असताना बरी आणि गरम झाल्यावर बिघडते का, की पाऊस पडल्यावरच बिघडते? पावसाचा आणि बिघाडाचा संबंध असेल तर वायरिंगचे जोड आधी बघा. आणि चावी बंद-चालू केल्यावर सुधारते का हे तर विचारायचंच. सुधारत असेल तर पाती अडकणं किंवा ॲक्च्युएटरचं काहीतरी, आणि अजिबात फरक पडत नसेल, कायमच मिळमिळीत असेल, तर गळती, फिल्टर, असलं काहीतरी. अपवाद असतात पण सुरुवात करायला हा फरक चांगला आहे.

गॅरेजमध्ये एक प्रकार नेहमी बघायला मिळतो, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये जोरात रेस करतात, पाईपवर हात फिरवतात आणि म्हणतात, काय नाय, सगळं टाईट आहे. उभ्या गाडीला लोड नसतो, लोड नाही तर डिझेल जास्त पडत नाही, धुराला जोर नाही, म्हणून बूस्ट नावापुरताच येतो. जी चीर १ बारच्या वर उघडते ती तिथे दिसणारच नाही. देवगडला माझ्या मावसभावाच्या गाडीचं असंच चाललं होतं, ऐन आंब्याच्या सीझनला, पेट्या भरल्या की घाटात मरायची आणि रिकामी असली की पळायची, त्यामुळे कुणाला पटायचंच नाही. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने खाली झोपून इंटरकूलरचा खालचा पाईप काढला आणि वाकवून दाखवला, "टर्बो खंय गेलो रे, पाईप फाटलो तुझो." चीर खालच्या बाजूला होती, वरून बघणाऱ्याला दिसलीच नसती, आणि पाईप वाकवल्याशिवाय तोंड उघडत नव्हती.

बरं, आता आकडे. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलवर एखादं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. पहिली तपासणी फुकटची आहे, इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि इनटेकच्या दाबाचा आकडा वाचा, ॲपमध्ये तो मॅप म्हणून येतो. इंजिन बंद म्हणजे आत बाहेर हवा सारखीच, त्यामुळे मालवण, रत्नागिरी, वेंगुर्ला अशा किनाऱ्यावर तो १०० च्या जवळपास दिसला पाहिजे. आंबोली सातशेच्या आसपास मीटरवर, तिथे वर गेलात तर ९३ च्या आसपास येईल, कारण दर शंभर मीटरला साधारण १.२ किलोपास्कल दाब कमी होतो. किनाऱ्यावर उभ्या गाडीत ११५ किंवा ८५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढे जाऊच नका. डिझेलमध्ये हा सेन्सर काजळी आणि ऑईलने माखतो, काढून योग्य क्लीनरने साफ केला की पुष्कळदा सुधारतो, फक्त आत काडी घालून खरवडू नका.

मग चालत्या गाडीचा ग्राफ. एकटे असाल तर करू नका, मोबाईल शेजारच्याच्या हातात पाहिजे, घाटात आकडे बघत गाडी चालवणाऱ्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको. हायवेचा मोकळा चौपदरी पट्टा किंवा लांब सरळ चढ बघायचा, इंजिन पूर्ण गरम झालेलं असावं, तिसऱ्या गिअरला पंधराशे-अठराशे आरपीएमवरून पाय पूर्ण दाबायचा आणि साडेतीन हजारच्या आसपास सोडायचा. ॲपमध्ये सतरा गोष्टी निवडू नका, स्वस्त स्कॅनर हळू असतात, आरपीएम, मॅप, एअर फ्लो आणि मिळत असेल तर अपेक्षित बूस्ट एवढंच घ्या, म्हणजे आकडे भरभर येतील. अपेक्षित बूस्ट आणि ॲक्च्युएटरला किती ताणलंय त्याचे टक्के साध्या ॲपमध्ये बऱ्याच गाड्यांचे दिसत नाहीत, त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांवर नीट चालणारा स्कॅनर असलेला मेकॅनिक गाठायचा, तेवढे पैसे वसूल होतात. अजून एक, साध्या ॲपमध्ये बहुतेक गाड्यांचा मॅपचा आकडा २५५ च्या वर जातच नाही, ती मोजायच्या पद्धतीचीच मर्यादा आहे. ग्राफ २५५ ला जाऊन सपाट झाला तर गाडीत दोष आहे असं समजून घाबरू नका.

आता खरी गोष्ट. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट या दोन रेषा एकावर एक टाकल्या की त्यांच्यातल्या फरकाचा आकार बघायचा.

मिळालेली रेषा पूर्ण वेळ मागितलेल्याच्या खाली, हेलकावे नाहीत, आणि ईसीएमने ॲक्च्युएटरला शेवटपर्यंत ताणलंय तरी येत नाही, असं असेल तर हवा गळतेय, किंवा व्हॅक्यूम पोचत नाही, किंवा धुराला जोर नाही, किंवा टर्बो खरंच झिजलाय. इथे एअर फ्लोचा आकडा फार उपयोगी पडतो. फिल्टरमधून हवा भरपूर आत जातेय पण दाब तयार होत नाही, म्हणजे ती मध्येच कुठेतरी बाहेर पडतेय. हवाही कमी आणि दाबही कमी, तर हवा आतच येत नाही, मग फिल्टर, टर्बो, पाती, नाहीतर ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय का ते बघायचं. दाब बरोबर पण हवा कमी, तर ईजीआर किंवा एअर फ्लो सेन्सरच घाण झालेला.

मिळालेली रेषा आधी मागे राहते, मग एकदम मागितलेल्याच्या वर उडी मारते, मग खाली येते, तर पाती किंवा सळी अडकतेय, होडीचं जे सांगितलं ते. पाय सोडल्यावर दाब खाली यायला उशीर लागतो का तेही बघा, अडकलेल्या पात्यांत तसं होतं. करवतीच्या दातांसारखे बारीक एकसारखे चढउतार असतील तर मी आधी व्हॅक्यूमचा सोलेनॉइड, म्हणजे व्हॅक्यूम कमी-जास्त सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, आणि त्याचे पाईप बघेन, कारण सोलेनॉइड सुस्त झाला किंवा व्हॅक्यूम थोडा थोडा गळत असला की हुकूम अर्धवट पोचतो आणि ईसीएम सारखी दुरुस्ती करत राहतो.

रेषा एका क्षणात १९० वरून ६० आणि परत १९० अशी उडत असेल तर ती हवा नाहीच. एवढ्या लांबीच्या पाईपमधली आणि इंटरकूलरमधली हवा इतक्या पटकन भरत नाही नि रिकामी होत नाही. ते वायरिंग, कनेक्टर किंवा सेन्सर.

आणि एक प्रकार जो सगळ्यात जास्त लोकांना फसवतो, मागितलेली रेषाच खाली येते आणि मिळालेली तिच्या मागोमाग इमानदारीत खाली येते. दोन्ही रेषा चिकटून आहेत ना, मग टर्बो, पाईप, पाती सगळं आज्ञाधारक आहे, ईसीएमनेच कमी मागितलंय. का मागितलं? इंजिन तापलं असेल, रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब, पडलं असेल, ॲक्सिलरेटर पॅडलचा सेन्सर गडबडला असेल, डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनमधला काजळी अडवणारा फिल्टर, भरला असेल. अशा गाडीत नवीन टर्बो बसवला तरी घाटात तेच होणार.

चेक इंजिनचा कोड पण बघायचा, पण त्याला देव मानू नका. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी ०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, पी ०२३६ ते ०२३८ सेन्सरच्या बाजूचे, पी ००४५ बूस्ट कंट्रोलच्या सर्किटचा. स्कॅनरवर ०२९९ च्या पुढे टर्बोचार्जर असं लिहून येतं, ते वाचूनच कितीतरी चांगले टर्बो भंगारात गेले असतील. कोड फक्त लक्षण सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते नाही.

आता आपल्याकडे काय जास्त बिघडतं. खारी हवा आणि वर पावसाचे चार महिने, त्यामुळे पाईपांच्या क्लिपा गंजतात, वरून टाईट दिसतात पण पकड गेलेली असते आणि दाब आला की पाईप सरकतो. ॲक्च्युएटरची सळी आणि तिच्या टोकाचा जोड गंजून कडक होतो. किनाऱ्यावरच्या गाड्यांचे इंटरकूलर बंपरमागे खारं पाणी आणि चिखल खात असतात, ॲल्युमिनियम पांढरं पडून भुगा होतं, मासळीच्या गाड्यांमागून रोज जाणाऱ्यांनी तर बघाच. कनेक्टरच्या पिनांवर हिरवी बुरशी चढते. आणि उंदीर. पावसाळ्यात अंगणात उभ्या गाडीचं बॉनेट म्हणजे उबदार कोरडी जागा, ते व्हॅक्यूमचे बारीक पाईप आणि वायरी कुरतडतात. चाकरमानी गणपतीला येतात, गाडी आठवडाभर माडाखाली उभी असते आणि परत निघताना घाटात ओढत नाही, तर बॉनेट उघडून आधी कुरतडल्याच्या खुणा आणि सुपारीच्या साली शोधा. लाल मातीची धूळ एअर फिल्टर किती लवकर भरते ते तर सगळ्यांना माहीत आहे, पण फिल्टरकडे हवा आणणाऱ्या नळीच्या तोंडाशी पातेरा, म्हणजे सुका पाला, अडकतो ते कुणी बघत नाही. फिल्टर ते टर्बो या भागात हवा दाबाखाली नसते, उलट खेचली जात असते, तिथला रबरी पाईप जुना होऊन मऊ पडला तर वरच्या आरपीएमला आत ओढला जाऊन चपटा होतो आणि गाडी थांबवून बघावं तर परत गोल. फिल्टर तुंबलेला असला तर हे अजून लवकर होतं.

गळती शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे स्मोक टेस्ट, लाईनमध्ये धूर सोडायचा आणि कुठून निघतो ते बघायचं. तशी मशीन सगळीकडे नसते, मग फिल्टरच्या पुढच्या पाईपचं तोंड बूच लावून बंद करायचं, त्यातून हलकी हवा भरायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. दाब गाडीच्या स्वतःच्या बूस्टपेक्षा जास्त द्यायचा नाही, त्याच्या खालीच ठेवायचा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर रेग्युलेटर न लावता जोडला तर बूच गोळीसारखं उडून तोंडावर येईल, आणि सील जातील ते वेगळंच. जोडाजवळ ऑईलमिश्रित काळी ओल दिसली तर हवा तिथूनच जातेय. पाईपच्या आत थोडं ऑईल असणं मात्र नॉर्मल आहे, इंजिनच्या ब्रीदरमधून वाफ येते ती तिथे बसते, तेवढ्यावरून टर्बोला फाशी देऊ नका.

व्हॅक्यूमवाला ॲक्च्युएटर असेल तर हातपंपाने तपासतात. पाईप काढून पंप लावला आणि खेचला की सळी सावकाश, न अडखळता पूर्ण सरकली पाहिजे, व्हॅक्यूम मिनिटभर तसाच टिकला पाहिजे आणि सोडल्यावर सळी त्याच मार्गाने मागे आली पाहिजे. व्हॅक्यूम टिकत नाही म्हणजे आतला पडदा फाटला. टिकतो पण सळी अडखळते, तर ॲक्च्युएटर चांगला, अडचण पात्यांत किंवा सळीच्या जोडात. सळीच हलली नाही तर ॲक्च्युएटर सुटा करून टर्बोवरचा लिव्हर हाताने हलवून बघायचा, इंजिन थंड असताना, गरम टर्बोला हात लावाल तर कातडी राहील तिथे. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरला हाताने ढकलू नका, आतले गिअर नाजूक असतात, तो स्कॅनरवरूनच हलवून बघायचा. आणि पंपाकडून व्हॅक्यूम मुळात येतोय का, हे ब्रेकवरून पण थोडं कळतं, बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर चालतो, ब्रेक कडक लागत असेल तर आधी पंप, आणि ते घाटात जायच्या आधी.

पाती काजळीने अडकतात ती बहुतेक वापरामुळे. बाजारात जायचं, पोरांना शाळेत सोडायचं, दीड हजार आरपीएमच्या वर गाडी कधी नेलीच नाही, तर पाती एकाच जागी राहतात आणि आजूबाजूला काजळी धरते. अशा गाडीला मधूनमधून गरम झाल्यावर लांबवर जरा ओढून चालवली तर फायदा होतो, पण आधीच जाम झालेली पाती नुसत्या पळवण्याने सुटतील याची खात्री नाही, तेव्हा टर्बो उतरवून नीट साफ करणाराच गाठावा लागतो. डब्यातल्या औषधाच्या जाहिराती भरपूर आहेत, माझा त्यावर फारसा विश्वास नाही. बीएस ६ गाड्यांमध्ये, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या, डीपीएफचा पण हाच त्रास. छोट्या फेऱ्यांत तो स्वतःला जाळून साफ करू शकत नाही, भरत जातो, मागचा रस्ता तुंबला की टर्बोच्या चाकाला जोर मिळत नाही आणि बूस्ट पडतो.

डिझेल फिल्टर पण विसरू नका. पावसात डिझेलमध्ये पाणी, फिल्टर चोंदलेला, रेल प्रेशर पडलं, डिझेल कमी जळलं म्हणजे धूरही कमी, टर्बो फिरणार कशावर? तिथेही मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर या दोन रेषा तशाच बघायच्या. टर्बोच्या आधी, इंजिन आणि टर्बो यांच्या मधल्या भागात, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला गळती असेल तरी असंच होतं, तिथे टिक टिक आवाज आणि काळा डाग दिसतो.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी थोडक्यात. तुमच्यात वेस्टगेटची सळी ढिली झाली की कमी आरपीएमला खडखडते आणि बूस्ट हळू येतो. पाय सोडल्यावर दाब परत मागे सोडणारी एक झडप असते, तिचा पडदा फाटला की बूस्ट थोडा चढून तिथेच अडकतो. आणि पेट्रोल गाडी आयडलला मॅप ३० ते ४० दाखवते, तिथे डिझेलचे आकडे लावू नका.

हे सगळं बघून झालं आणि तरी काही सापडलं नाही तर मग टर्बोकडे या. पुढचा पाईप काढा, इंजिन थंड आणि बंद, चाकाची पाती तुटली-झिजली आहेत का बघा, दांडा बोटाने धरून हलवा. आडवा किंचित खेळ असतोच, तो ऑईलच्या थरासाठी असतो. पण चाक घराला घासत असेल, किंवा दांडा पुढेमागे जाणवण्याइतका सरकत असेल, तर मात्र टर्बो गेला. निळा धूर येत असेल आणि इंटरकूलरमध्ये ऑईल साचलं असेल तर गाडी चालवूच नका, डिझेल इंजिन ते ऑईल इंधन म्हणून ओढून चावी काढली तरी पळत सुटू शकतं. तसं झालंच तर गाडी ब्रेक लावून वरच्या गिअरला टाकायची आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

टर्बो बदलताना मिस्त्रीला विचारा की जुना का गेला. टर्बो बहुतेक ऑईल न मिळाल्याने किंवा घाण ऑईलने मरतो. ऑईल देणारा बारीक पाईप आतून जळून चोंदलेला असतो, तो नवीनच घालायचा, जुना साफ करून चालवायचा नाही. ऑईल आणि फिल्टर बदलायचे, इंटरकूलर उतरवून धुवायचा, कारण जुन्या टर्बोचे तुकडे आणि ऑईल त्यातच बसलेलं असतं. चालू करायच्या आधी टर्बोच्या ऑईलच्या भोकात चमचाभर ताजं ऑईल घालायचं, मग इंजिन स्टार्ट होऊ न देता थोडं फिरवायचं, म्हणजे ऑईल वरपर्यंत चढतं. मग स्टार्ट करून एक-दोन मिनिटं आयडलवर ठेवायची, रेस अजिबात नाही. मिस्त्री घाईत असेल तर हे सगळं होईपर्यंत तिथेच उभे राहा.